मोटारसायकलचा खर्च: कुठे वाचवायचा, कुठे नाही

परभणी जिल्ह्यात मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. झरी-पिंगळीहून रोज शहरात कामाला येणारे, दुधाचे कॅन लावून पहाटे निघणारे, खताचे पोते मागे बांधून शेत गाठणारे आणि तालुक्याच्या गावाहून आडगावच्या शाळेवर जाणारे गुरुजी, या सगळ्यांचे गाडीवाचून अडते. तरीही गाडीवर वर्षाला किती खर्च होतो असे विचारले, तर बहुतेकांना फक्त पेट्रोलचा आकडा सांगता येतो. ऑईल, चेन, टायर, लायनर यांवरचे पैसे सुटे सुटे जातात, म्हणून ते जाणवत नाहीत. तो हिशेब इथे एकत्र मांडला आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. घरी देखभाल केली की मजुरी वाचते हे खरे, पण मोठी बचत तिथे नाही. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीची मजुरी गावातल्या गॅरेजमध्ये दोनशे ते चारशे रुपयांच्या घरात असते. खरा पैसा वाचतो तो पार्ट जास्त टिकल्यामुळे. चेनला वेळेवर ऑईल मिळाले, टायरमध्ये हवा बरोबर राहिली आणि एअर फिल्टर वेळेवर बदलला, तर पुढचा मोठा खर्च लांबतो.

आपली माती, आपले ऊन

गाडीसोबत येणारी पुस्तिका सगळ्या देशासाठी छापलेली असते. आपल्याकडची काळी माती पावसात चिकट होते, मडगार्ड आणि टायरच्या मध्ये दाबून बसते, चेन कव्हरमध्ये शिरते. उन्हाळ्यात त्याच मातीची बारीक धूळ होते आणि एअर फिल्टर भरून टाकते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो. अशा उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे रबर कडक होते आणि बॅटरीचे आयुष्य घटते. बहुतेक पुस्तिकांत धुळीच्या भागासाठी फिल्टर लवकर बदलण्याची सूचना दिलेली असते. ती सूचना आपल्यासाठीच आहे असे समजा.

घरी करायची पाच कामे

हवा: आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना तपासा. किती हवा हवी ते चेन कव्हरवरच्या किंवा स्विंग आर्मवरच्या स्टिकरवर आणि पुस्तिकेत दिलेले असते. मागे माणूस किंवा ओझे असेल तर मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो. कमी हवेवर ओझे नेले की टायरच्या कडा झिजतात, ट्यूब फाटते आणि ॲव्हरेजही घटते.

चेन: दर पाचशे किलोमीटरला आणि चिखलातून आल्यावर लगेच. रॉकेल किंवा डिझेलने भिजवलेल्या ब्रशने माती काढा, कोरड्या कापडाने पुसा, मग चेन स्प्रे किंवा नव्वद नंबरचे गिअर ऑईल लावा. इंजिन बंद ठेवा आणि चाक हातानेच फिरवा. चालू इंजिनवर हे काम करताना बोट चेन-स्पॉकेटमध्ये जाऊ शकते. इंजिनमधून काढलेले जळके ऑईल चेनला लावू नका. त्यात धातूचा बारीक चुरा असतो आणि तो चेन घासतो. चेनचा झोल साधारण दोन ते तीन सेंटीमीटर असावा. नेमका आकडा पुस्तिकेत पाहा.

इंजिन ऑईल: गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करा, थोडे थांबा आणि पट्टी पाहा. हिरो-होंडाच्या बहुतेक गाड्यांत पट्टी नुसती टेकवायची असते, फिरवून घट्ट करायची नसते. ऑईल बदलताना खालचा बोल्ट बेताने आवळा, वॉशर नवा टाका. इंजिन ॲल्युमिनियमचे असते. जोर जास्त लावला की आटे जातात आणि ऑईल बदलण्यात वाचलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च बसतो.

फिल्टर आणि प्लग: आजच्या बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत तेलकट कागदाचा फिल्टर असतो. तो धुवायचा नाही, हवेने झटकायचाही नाही, सरळ बदलायचा. पुस्तिकेत पंधरा-सोळा हजार किलोमीटर लिहिलेले असले तरी कच्च्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीचा दहा हजारांच्या आसपास उघडून पाहा. फोमचा फिल्टर मात्र रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, ऑईल लावून पुन्हा वापरता येतो. प्लग इंजिन थंड असतानाच काढा आणि बसवताना सुरुवातीचे आटे हातानेच फिरवा.

ब्रेक आणि क्लच: क्लचच्या आणि पुढच्या ब्रेकच्या लिव्हरला साधारण एक ते दोन सेंटीमीटर, तर मागच्या पायब्रेकला दोन ते तीन सेंटीमीटर मोकळा खेळ असावा. ड्रम ब्रेकच्या पॅनेलवर एक बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेपर्यंत पोहोचला की लायनर संपले. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या कापडाने पुसा.

धुताना पाण्याचा जोराचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर, सायलेन्सरच्या तोंडात आणि स्विचवर मारू नका. चिखल आधी भिजू द्या, मग काढा.

मिस्त्रीकडेच न्यायची कामे

डिस्क ब्रेकचे ऑईल, चाकाची बेअरिंग, कोन सेट, पुढचे शॉकअप, क्लच प्लेट, टायमिंग चेन आणि टॅपेट ही कामे अनुभव आणि खास अवजारे मागतात. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या आणि बहुतेक साध्या गाड्यांतही कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर वायरी ओढून पाहू नका. कोड वाचणारे यंत्र असलेल्या मिस्त्रीकडेच गाडी न्या. वॉरंटीतली गाडी असेल तर ठरलेल्या सर्व्हिसिंग शोरूममध्येच करा आणि पुस्तिकेवर शिक्का घ्या.

साधारण दर

हे शंभर ते सव्वाशे सीसीच्या गाड्यांच्या चांगल्या पार्टचे अंदाजी दर आहेत. मॉडेलप्रमाणे फरक पडेल. शेवटचा शब्द पाकिटावरच्या एमआरपीचा.

- इंजिन ऑईल, ९०० मिली ते १ लीटर: ३५० ते ५०० रुपये
- एअर फिल्टर: १५० ते २५० रुपये
- प्लग: ८० ते १५० रुपये
- ब्रेक लायनरची जोडी: १५० ते ३०० रुपये
- क्लच वायर: १०० ते २०० रुपये
- चेन-स्पॉकेट सेट: ८०० ते १,३०० रुपये
- मागचा टायर: १,५०० ते २,२०० रुपये
- ट्यूब: २०० ते ३०० रुपये
- बॅटरी: ९०० ते १,४०० रुपये
- चेन स्प्रे: १५० ते ४०० रुपये

अवजारे एकदाच घ्यायची आहेत: रिंग पान्यांचा छोटा सेट, प्लग पाना, फिलर गेज, हवा मोजायचे गेज, नरसाळे आणि ऑईल काढायचे पसरट भांडे. हजार-बाराशेत हे जमते. गाडीच्या किटमधले पाने गरजेपुरते असतात, रोजच्या कामाला टिकत नाहीत.

वर्षाचा हिशेब

महिन्याला हजार, म्हणजे वर्षाला बारा हजार किलोमीटर धरू. दर तीन हजारांना ऑईल बदलले तर चार वेळचे १,६०० रुपये. काही कंपन्या यापेक्षा लांबचा पल्ला देतात. तुमच्या पुस्तिकेत तसे असेल तर हा खर्च उतरेल. फिल्टर २००, प्लग ११०, मागचे लायनर २५०, चेन स्प्रे ३००, एक वायर १५०. झाले २,६१० रुपये. चेन सेट वीस हजार किलोमीटर आणि मागचा टायर पंचवीस हजार टिकला असे मानले, तर त्यांचा वर्षाचा वाटा अनुक्रमे सुमारे ६६० आणि १,००० रुपये. एकूण सव्वाचार हजार, म्हणजे महिन्याला साधारण साडेतीनशे.

आता दुसरी बाजू. चार सर्व्हिसिंगची मजुरी प्रत्येकी ३०० धरली तर १,२०० रुपये. घरी काम केले की पहिल्याच वर्षी अवजारांचे पैसे निघतात. पण चेन कोरडी चालवून दहा हजारांतच संपली, तर सेटवरचा खर्च दुप्पट होतो आणि बसवायची मजुरी वेगळी. कमी हवेवर टायर लवकर गेला तर तेच. दहा मिनिटांच्या कामाने हे टळते.

पार्ट घेताना

ब्रेक, टायर, चेन आणि वायर यांत स्वस्ताच्या मागे लागू नका. आरसा, फूटरेस्टचे रबर, सीट कव्हर साधे चालेल. ब्रेक मात्र माणसाचा जीव वाचवतो.

कंपनीचाच पार्ट हवा असा हट्ट प्रत्येक वेळी लागत नाही. गाड्यांच्या कंपन्या सगळे पार्ट स्वतः बनवत नाहीत. चेन, प्लग, शॉकअप, स्विच, बॅटरी बनवणाऱ्या नामांकित कंपन्यांचा माल त्यांच्या स्वतःच्या नावानेही दुकानात मिळतो. मराठवाड्याला हे सांगायला नको. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती पार्ट बनवणाऱ्यांची मोठी वसाहत उभी राहिली. बिननावाचा आणि नकली पाकिटातला माल मात्र टाळा.

पाकिटावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असणे वैध मापनाच्या २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. पार्ट नंबर जुन्या पार्टशी जुळवा. अक्षरे पुसट, होलोग्राम फाटलेला किंवा सील उघडलेले असेल तर परत द्या.

ऑईलच्या बाटलीवर दोन गोष्टी पाहा. पहिली जाडी: हिरो-होंडाला बहुधा १०डब्ल्यू-३०, बजाजच्या बऱ्याच गाड्यांना २०डब्ल्यू-५०. दुसरी जेएएसओ एमए किंवा एमए-२ ही खूण. मोटारसायकलची क्लच प्लेट ऑईलमध्येच भिजलेली असते. कारचे ऑईल टाकले तर ती घसरू शकते.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३२५ म्हणजे २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. जुना साठा नको म्हणून सांगा. बॅटरी घेताना वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या, जुनी बॅटरी दुकानातच देऊन किंमत कमी करून घ्या.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारसायकलच्या पार्टवरचा आणि टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीची एमआरपी छापलेले पाकीट मिळाले तर नवा दर विचारा.

जळके ऑईल नालीत, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. बंद डब्यात साठवा आणि ते गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. आपण त्याच भूजलावर जगतो.

फसवणूक झाली तर

पक्के बिल हीच तुमची ताकद. त्यावर पार्टचे नाव, नंबर आणि तारीख असू द्या. गॅरेजमध्ये पार्ट बदलला तर जुना पार्ट आणि नव्याचे रिकामे पाकीट मागून घ्या. एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले तर वैध मापन कार्यालयात तक्रार करता येते. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मराठीतही बोलता येते. तिथे मिटले नाही तर परभणीचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत हवी. वकील लावलाच पाहिजे असे नाही.

सुरुवात छोटी करा. एक वही घ्या आणि त्यात किलोमीटर, तारीख, काय बदलले आणि किती रुपये लागले एवढेच लिहीत जा. वर्षभरात तुमच्या गाडीचा खरा खर्च तुम्हाला कळेल आणि गॅरेजमध्ये कोणी न झालेले काम बिलात लावले, तर वही उघडून ते दाखवता येईल.