तुरटीचे काम

निवृत्तीपूर्वी मी विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ऊतींचे काप रंगवीत असे. निवृत्तीनंतर ग्वाल्हेरच्या घरी लोकर रंगवू लागलो. स्नेह्यांना हा छंद चमत्कारिक वाटतो. वास्तविक मी व्यवसाय बदललेलाच नाही. ज्या हिमॅटॉक्सिलिनमुळे पेशींची केंद्रके निळी-जांभळी दिसतात, ते मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या गाभ्यातून निघते आणि युरोपातील रंगारी त्याने लोकर रंगवीत असत. मात्र ते एकटे टिकत नाही, सोबत तुरटी लागते. तुरटीतील ॲल्युमिनियम एका बाजूने रंगाला व दुसऱ्या बाजूने ऊतीला धरून ठेवते. लोकर हेही प्रथिनच असल्याने तिच्याशीही रंगाचे नाते असेच जुळते. अशा पदार्थास रंगबंधक म्हणतात.

शंभर ग्रॅम पांढऱ्या लोकरीची लड चार ठिकाणी सैल बांधावी, सौम्य साबणाने धुवावी आणि ओलीच ठेवावी. स्टीलच्या मोठ्या पातेल्यात 10 ग्रॅम तुरटी कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून लड त्यात सोडावी. तासाभरात हळूहळू 80 ते 85 अंश सेल्सियसपर्यंत तापवावे, आणखी एक तास तेथेच राखावे आणि पातेल्यातच निवू द्यावे. घाई करू नये. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. खळखळते पाणी, घुसळणे किंवा तापल्या लोकरीवर गार पाणी यांमुळे ते एकमेकांत अडकतात आणि लडीचा नमदा होतो. माझ्या पहिल्या दोन लडींचा झालाच. हे पातेले पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये.

रंगासाठी मी दसऱ्याची वाट पाहतो. तोरणे उतरली की शेजारीपाजारी झेंडू आमच्याकडे पोचवितात. अडीचशे ग्रॅम ताज्या पाकळ्या पाऊण तास उकळून गाळाव्या आणि पाणी कोमट झाल्यावर तुरटी लावलेली लोकर त्यात सोडून तितकाच वेळ मंद तापवावी. पिवळाधमक रंग चढतो. कांद्याच्या कोरड्या साली नारिंगी-तपकिरी छटा देतात. काष्ठौषधीच्या दुकानातील मंजिष्ठेपासून विटकरी लाल मिळतो, परंतु तिचे पाणी 70 अंशांपुढे नेल्यास लालाचा तपकिरी होतो. शेवटी एक ग्रॅम हिराकस घातल्यास झेंडूचा पिवळा शेवाळी होतो. अधिक घातल्यास लोकर खरखरीत होते. हळदीने मात्र निराशा केली. तिला तुरटीचीही गरज नसते, पण उन्हात तिचा रंग उडतो.

येथवर सारे सुखाचे होते. पण जुन्या इंग्रजी पुस्तकांत तुरटीऐवजी पोटॅशियम डायक्रोमेटही सांगितलेले असे आणि त्याने उजळ सोनेरी रंग येतो. प्रयोगशाळेत काचसामान धुण्यासाठी ते आयुष्यभर वापरल्याने मला त्याचे भय नव्हते. सौ.ने त्या लडी उघड्या हातांनी पिळल्या. आमचे हे काम वर्षभर चालले. पुढील हिवाळ्यात तिच्या बोटांच्या कडांना खाज, मग पाण्याचे फोड, मग भेगा. मी साबणाला दोष दिला. त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या लावल्या. 96 तासांनी डायक्रोमेटच्या जागी ठळक प्रतिक्रिया दिसली. सिमेंटचे काम करणाऱ्या गवंड्यांत दिसणारा हा इसब माझ्याच घरात, माझ्याच हाताने आला होता.

"अहो, पण रंग नैसर्गिक होता ना?" तिने विचारले.

रंग होता, रंगबंधक नव्हता. डब्यावर विषारी अशी खूण होती आणि मी ती पाहिलीही होती. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, हेही मी विद्यार्थ्यांना शिकवीत असे. एकदा निर्माण झालेली ही संवेदनशीलता सहसा जात नाही. क्रोमने कमावलेल्या चामड्याच्या चपलाही तिला आता सोसत नाहीत. हातांच्या इसबाचा रुग्ण आला, तर आपण व्यवसाय विचारतो. छंदही अवश्य विचारावा.

तो हिवाळा तिच्या सुया बंद राहिल्या. उरलेले डायक्रोमेट मी मोरीत न ओतता प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्यात दिले. आता घरात तुरटी आणि चिमूटभर हिराकस एवढेच आहे. लडी हातमोजे घालून मी पिळतो, चार पाण्यांत धुतो, सावलीत वाळवितो आणि मगच तिच्या हाती देतो. सध्या नातवाच्या झेंडूरंगी स्वेटरची दुसरी बाही सुरू आहे.