साताऱ्याची प्रिया ते विजेवरची चेतक : स्कूटरच्या पिढ्यांचा हिशेब

दोन माणसांची, वरून उघडी छोटी गाडी म्हटली की परदेशात मोटार आठवते. आपल्या सातारा-सांगलीच्या बाजारात ती गाडी म्हणजे स्कूटर. साताऱ्याच्या खण आळीपासून सांगलीच्या गणपती पेठेपर्यंत अनेक दुकानदारांचा धंदा तिच्यावर वाढला. पुढे चालवणारा, मागे पोरगा, आणि पाय ठेवायच्या जागेत उभा केलेला कापडाचा गठ्ठा. नवी गाडी घेताना किंवा जुनी काढताना कोणत्या पिढीत काय आले आणि काय गेले, हे व्यापारी व कारागीर बंधूंनी नीट पाहावे. रंग आणि जाहिरात यांवर माल ठरवायची सवय गिऱ्हाइकाला शोभते, व्यापाऱ्याला नाही.

पहिली पिढी इटलीची. पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर बजाज ऑटोने १९६० नंतर आकुर्डीत व्हेस्पा बनवायला सुरुवात केली. तो परवाना १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये स्वतःच्या नावाची चेतक आली. राणा प्रतापांच्या घोड्याचे हे नाव. १९७५ मध्ये पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना साताऱ्यात उभा राहिला आणि तेथून प्रिया स्कूटर निघू लागली. त्या काळी गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. नंबर लागलेली गाडी जादा पैसे घेऊन दुसऱ्याला देणारेही होते. मागणी अफाट आणि माल थोडा, असा तो बाजार होता. त्यामुळे गाडीत फारसा बदल करायची गरज कारखान्याला बरीच वर्षे भासली नाही.

या पिढीचा खरा गुण तिच्या बांधणीत होता. पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. चेतकचे इंजिन सुमारे १४५ सीसीचे, टू स्ट्रोक, उजव्या अंगाला बसवलेले. पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचे. चार गिअर डाव्या हातात. पुढचे आणि मागचे चाक सारखे, सोबत एक जादा चाक. वाटेत पंक्चर झाले तर चार-पाच नट काढून चाक बदलता येई. रिम दोन तुकड्यांची असल्याने ट्यूब काढायलाही मोठे हत्यार लागत नसे. सकाळी चालू होईना तर गाडी आडवी कलवून किक मारायची, हा तर घराघरातला प्रयोग. धूर सोडायची, पेट्रोल प्यायची, हे खरे. पण बाजाराच्या गावी बंद पडलेली स्कूटर तिथल्याच मिस्त्रीकडे तासाभरात उभी राहायची. आठवडी बाजार करणाऱ्या फेरीवाल्याला याहून मोठी सोय नव्हती.

दुसरी पिढी फोर स्ट्रोकची. १९९८ मध्ये बजाजने लेजंड आणली, पुढे चेतकलाही फोर स्ट्रोक इंजिन आले. धूर कमी झाला, पेट्रोल वाचले. पण तोवर गिऱ्हाईक पुढे गेले होते. गिअर नसलेली कायनेटिक होंडा १९८० च्या दशकातच आली होती. २००१ मध्ये ॲक्टिवा आली आणि घरातल्या मुली-सुनाही सहज गाडी चालवू लागल्या. तरुण मंडळी मोटारसायकलकडे वळली. बजाजने २००९ मध्ये स्कूटरचा धंदाच थांबवायचे ठरवले. साताऱ्याच्या कारखान्यातून स्कूटरऐवजी डाय, जिग, फिक्श्चर असा माल निघू लागला.

पिढी बदलताना मूळ गुण कसा सांभाळावा, याचे उदाहरण पाहायचे तर जपानच्या माझ्दा कंपनीची एमएक्स-५ पाहावी. दोन माणसांची, छत उघडणारी ही छोटी मोटार १९८९ मध्ये आली. पुढच्या पिढ्या १९९८, २००५ आणि २०१५ च्या. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, ही तिच्यामागची कल्पना. तिसऱ्या पिढीत गाडी मोठी आणि जड झाली. चौथ्या पिढीत कंपनीने सुमारे १०० किलो वजन उतरवले आणि लांबी तर पहिल्या गाडीपेक्षाही थोडी कमी ठेवली. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली. आम्हा कापडवाल्यांना विशेष वाटावे ते पुढेच आहे. पहिल्या पिढीच्या गाड्या दुरुस्त करून देण्याचे काम कंपनीने २०१७ मध्ये जाहीर केले, आणि त्यासाठी छताचे कापडसुद्धा पुन्हा बनवून घेतले. जुन्या गिऱ्हाइकाचा असा मान आपल्याकडच्या स्कूटरवाल्याला मिळाला नाही.

चेतकचे नाव मात्र परत आले. जानेवारी २०२० मध्ये विजेवरची चेतक पुण्यात आणि बंगळुरूत विक्रीला आली. पत्र्याचे अंग ठेवले. गिअर, किक, धूर सगळे गेले. पहिल्या गाडीची बॅटरी सुमारे ३ युनिटची आणि कंपनीचा दावा एका चार्जिंगला ९५ किलोमीटरचा. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ३५ मालिकेत साडेतीन युनिटची बॅटरी पायाखालच्या फळीत नेली, त्यामुळे सीटखाली ३५ लिटर जागा झाली. दावा १५३ किलोमीटरपर्यंतचा. दावा आणि रस्ता यांत फरक राहतो. दोन माणसे, गठ्ठा आणि खंबाटकीचा घाट असेल तर जास्तच.

हिशेब असा करावा. जुनी चेतक लिटरला ४० किलोमीटर धरली तर ८० किलोमीटरला दोन लिटर, म्हणजे पेट्रोल शंभर रुपये धरून दोनशे रुपये. विजेवर तेवढ्याच अंतराला साधारण साडेतीन युनिट. युनिट दहा रुपये धरले तर पस्तीस रुपये. फरक मोठा आहे, पण दुकानाच्या मीटरचा दर घरच्याहून वेगळा असतो, तो आधी बिलावर पाहावा. आणि बॅटरी म्हणजे पुढच्या काही वर्षांचे पेट्रोल आगाऊ विकत घेतल्यासारखे आहे. वॉरंटीत किती वर्षे, किती किलोमीटर आणि बदलीचा खर्च किती, हे कागदावर वाचल्याशिवाय बयाणा देऊ नये. माझ्या मते शहरातल्या शहरात उधारी-वसुली आणि माल पोचवणे यासाठी ही गाडी परवडते. दूरच्या बाजारांसाठी अजून पेट्रोलचीच बरी.

खरी अडचण मिस्त्रीची आहे. प्लग साफ करणे, कार्बन काढणे, क्लचची वायर ओढणे, या हुनरावर आपल्यातील कितीतरी कुटुंबांची चूल पेटली. उस्तादाच्या हाताखाली शागिर्द तयार झाले. विजेवरच्या गाडीत यातले काहीच नाही. ब्रेक, टायर, बेअरिंग, सस्पेन्शन एवढेच उरते. बाकी बिघाड कंपनीच्या संगणकाला जोडून पाहावा लागतो. ज्यांची मुले आज गॅरेजात बसतात त्यांनी त्यांना आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स करायला लावावे, हाताचे काम चालू ठेवूनच. उरलेल्या प्रिया-चेतक सांभाळणाऱ्या हौशी लोकांचे कामही आहे, पण त्यावर दहा दुकाने चालणार नाहीत. अशी जुनी गाडी कोणी विकत घेत असेल तर आर.सी. बुक आधी मागावे. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरावा लागतो, आणि चेसिस नंबर पत्र्यावरून वाचता येतो का, हे उजेडात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.