शंभर युरो काढले, अकरा हजार गेले, असे का?

प्रश्न : माझी मुलगी एम. एस. करायला जर्मनीला गेली आहे. अमळनेरच्या बँकेतले तिचे बचत खाते आधीसारखेच चालू आहे. मी इथून त्यात पैसे भरतो आणि ती तिकडे डेबिट कार्डाने काढते. आजोबांनी तिच्या नावावर केलेल्या विप्रोच्या शेअरचा लाभांशही त्याच खात्यात येतो. परवा तिने एटीएममधून १०० युरो काढले. त्या दिवशी युरोचा भाव १०० रुपये होता, म्हणजे १०,००० रुपये जायला हवे होते. पासबुकात मात्र चार नोंदी आल्या : १०,५००, ३६७.५०, १२५ आणि ८८.६५. एकूण ११,०८१ रुपये १५ पैसे गेले. बँक आम्हाला लुबाडते आहे का? हे खाते बंदच करून टाकावे का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : तुम्ही चारही आकडे जपून ठेवलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. बँकेने लुबाडलेले नाही. पण हजारभर रुपये जास्त गेले हे खरे आहे आणि ते टाळता आले असते. मार्केट यार्डातल्या पट्टीवर हमाली आणि तोलाई वेगवेगळी दाखवतात, तसा हा प्रकार आहे. कापले गेलेले पैसे एकाच्या खिशात जात नाहीत. म्हणून एकेक नोंद सुटी करून पाहू.

पहिली नोंद १०,५०० रुपयांची. मुलीच्या हातात १०० युरो पडले, पण मशीनने १०५ युरोंची मागणी तुमच्या बँकेकडे पाठवली. वरचे ५ युरो त्या एटीएमच्या मालकाने स्वतःचे शुल्क म्हणून घेतले. परदेशी कार्ड वापरणाऱ्याकडून असे शुल्क घेण्याची रीत अनेक देशांत आहे. पैसे देण्याआधी मशीन पडद्यावर तशी सूचना दाखवते आणि आपण घाईत ‘होय’ दाबतो. हे ५ युरो अमळनेरच्या बँकेला मिळालेच नाहीत, त्यामुळे ते परत करणेही तिच्या हातात नाही.

दुसरी नोंद ३६७.५० रुपयांची. युरोचे रुपये करताना व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांपैकी ज्यांचे कार्ड असेल त्यांचा त्या दिवसाचा दर लागतो. त्यावर तुमची बँक आपला मार्कअप, म्हणजे टक्केवारीने जादा आकार, लावते. आपल्याकडच्या बऱ्याच बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप घेतात. १०,५०० चे साडेतीन टक्के म्हणजे बरोबर ३६७.५०. गंमत अशी की एटीएमवाल्याने घेतलेल्या ५ युरोंवरही तुम्ही मार्कअप भरला आहे.

तिसरी नोंद १२५ रुपयांची. परदेशी एटीएममधून पैसे काढण्याचे हे तुमच्या बँकेचे ठरावीक शुल्क. अनेक बँकांत ते शंभर ते दीडशे रुपयांच्या दरम्यान असते. नुसती शिल्लक पाहिली तरी साधारण २५ रुपये जातात. खात्यात पुरेसे पैसे नसल्याने व्यवहार फसला, तर त्याचेही वेगळे शुल्क लागू शकते.

उरले ८८.६५. हा जीएसटी. काढलेल्या सगळ्या रकमेवर सरकार १८ टक्के घेते, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसे असते तर जवळपास एकोणीसशे रुपये गेले असते. कर फक्त बँकेच्या सेवाशुल्कावर लागतो. ३६७.५० आणि १२५ मिळून ४९२.५०, आणि त्याचे १८ टक्के म्हणजे ८८.६५. हिशोब पैशापर्यंत जुळतो.

यातले दोन आकार दर खेपेला ठरलेले आहेत : मशीनवाल्याचे ५ युरो आणि बँकेचे १२५ रुपये. म्हणून थोडे थोडे काढणे काटकसरीचे वाटले तरी महाग पडते. तुमच्या मुलीने हेच १०० युरो वीस-वीस करून पाच वेळा काढले असते, तर सगळे मिळून १३,७५३ रुपये ७५ पैसे गेले असते. याउलट दुकानात १०० युरोंचा किराणा घेऊन थेट कार्ड वापरले असते, तर ही दोन्ही शुल्के लागली नसती. मार्कअप ३५० आणि त्यावरचा जीएसटी ६३ धरून १०,४१३ रुपयांत काम झाले असते.

इथे एका सापळ्याची ओळख करून द्यायला हवी. परदेशात मशीन किंवा दुकानदार कधी कधी विचारतो : ‘रुपयांत भरता की युरोत?’ पडद्यावर रुपये दिसले की आपल्याला हायसे वाटते, रक्कम पक्की कळली म्हणून. पण रुपये निवडले की दर ठरवण्याचा हक्क त्या मशीनवाल्याकडे जातो आणि तो स्वतःचा नफा धरूनच दर सांगतो. वर काही भारतीय बँका अशा व्यवहारावरही शुल्क लावतात. म्हणून जिथे असाल तिथलेच चलन निवडावे. जर्मनीत युरो, लंडनमध्ये पौंड.

हे झाले कार्डाचे. पण तुमच्या पत्रातली महत्त्वाची गोष्ट चार आकड्यांत नसून ‘खाते आधीसारखेच चालू आहे’ या वाक्यात आहे.

‘१८२ दिवस होईपर्यंत माणूस निवासीच असतो’ असे गावात सर्रास ऐकायला मिळते. दिवस मोजण्याचा हा नियम प्रामुख्याने प्राप्तिकराच्या हिशोबातला आहे. बँक खात्याला परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे १९९९ चा ‘फेमा’, लागू होतो. नोकरीसाठी किंवा अनिश्चित काळासाठी देश सोडणारा माणूस या कायद्यानुसार गेल्यापासूनच अनिवासी ठरतो. शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थीही अनिवासीच धरावेत, असा खुलासा रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २००३ मध्ये केला. तेव्हा मुलीने बँकेला कळवून साधे बचत खाते ‘एनआरओ’ खात्यात बदलून घ्यायला हवे होते. घाबरण्याचे कारण नाही, हे काम अजूनही करता येते. बँकेचा अर्ज, पासपोर्ट, व्हिसा आणि तिकडच्या पत्त्याचा पुरावा लागतो. परदेशातून कागद पाठवायचे तर ते कसे साक्षांकित करायचे, हे शाखेत विचारून घ्यावे. तुमचे खाते सहकारी बँकेत असेल तर आणखी एक चौकशी करा. अनिवासी खाती चालवण्याची परवानगी प्रत्येक सहकारी बँकेकडे असतेच असे नाही. पतसंस्था तर बँकच नव्हे, तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

एनआरओ आणि एनआरई यांत लोकांचा नेहमी गोंधळ होतो. भारतात निर्माण झालेला पैसा, म्हणजे घरभाडे, लाभांश, शेतीचे उत्पन्न, एनआरओ खात्यात जमा होतो. परदेशात कमावलेला पैसा भारतात पाठवून ठेवायचा असेल तर एनआरई खाते. एनआरई खात्यातला पैसा मुद्दल आणि व्याजासह केव्हाही परत बाहेर नेता येतो आणि त्या व्याजावर भारतात कर नाही. मात्र वडिलांनी शाखेत जाऊन एनआरई खात्यात रोख रुपये भरायचे म्हटले तर ते चालत नाही.

विप्रोचा लाभांश येतो तो एनआरओ खात्याच्या वाट्याचा. विप्रो मूळची इथलीच, हे अमळनेरकरांना वेगळे सांगायला नको. २९ डिसेंबर १९४५ रोजी ही कंपनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या नावाने याच गावात सुरू झाली, वनस्पती तूप बनवण्यासाठी. म्हणून इथल्या कित्येक घरांत तिचे जुने शेअर आहेत, आणि त्या घरांतली पुढची पिढी आता परदेशात आहे. अशा घरांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अनिवासी व्यक्तीच्या लाभांशावर साधारणपणे २० टक्के कर आधीच कापला जातो. भारत आणि जर्मनी यांच्यातल्या करारानुसार लाभांशावरचा दर १० टक्के आहे, पण त्यासाठी जर्मनीत करदाता म्हणून रहिवासी असल्याचा दाखला आणि इतर कागद द्यावे लागतात. दुसरे म्हणजे एनआरओ खात्याच्या व्याजावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर उपकर कापला जातो. त्यामुळे या खात्यात गरजेपेक्षा मोठी शिल्लक पडू देऊ नये. जास्तीचा कापलेला कर विवरणपत्र भरून परत मागता येतो. हा कर आहे, बँकेचे शुल्क नव्हे. त्याबद्दल शाखेतल्या कारकुनाशी भांडून उपयोग नाही.

आता तुम्ही विचाराल, खाते बदलले तर मुलीने तिकडे पैसे काढायचे कसे? बहुतेक बँकांचे एनआरओ कार्ड परदेशात चालतच नाही, आणि तसे ते चालू नये हेच तुमच्या फायद्याचे आहे. डेबिट कार्ड प्रवासातल्या अडीअडचणीसाठी असते, दरमहा घरखर्च पाठवण्यासाठी नव्हे. जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला व्हिसासाठी बहुधा तिकडे एक बंदिस्त खाते उघडून पैसे ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो तिच्या चालू खात्यात येतात. तुमच्या मुलीने असे खाते उघडले असेल, तर त्याच्याशी जोडलेले जर्मन कार्ड वापरणे तिला कितीतरी स्वस्त पडेल. फक्त त्या खात्याला मासिक शुल्क आहे का, विद्यार्थ्यांना ते माफ आहे का आणि कोणत्या बँकांच्या एटीएममधून फुकट पैसे निघतात, हे तिने एकदा विचारून घ्यावे.

पैसे कमी पडले तर तुम्ही तुमच्या स्वतःच्या खात्यातून थेट तिच्या जर्मन खात्यात पाठवा. निवासी भारतीयाला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत असे पैसे पाठवता येतात. खर्च इथेही आहे : पाठवण्याचे शुल्क, दरातला फरक, चलन बदलण्याच्या सेवेवरचा किमान ४५ रुपये जीएसटी आणि कधी मधल्या बँकेची कपात. पण ही शुल्के रकमेच्या प्रमाणात तितकीशी वाढत नाहीत. म्हणून महिन्याला थोडे पाठवण्यापेक्षा सहामाहीचे एकदम पाठवणे परवडते. आधी दोन-तीन बँकांचे दर विचारा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न करा : ‘सगळे कापून तिच्या खात्यात नेमके किती युरो पडतील?’ ‘शुल्क शून्य’ म्हणणाऱ्याचा नफा बहुधा दरात लपलेला असतो. वर्षात १० लाख रुपयांपुढे पाठवले तर बँक टीसीएस, म्हणजे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, वसूल करू शकते, पण तो तुमच्या प्राप्तिकरात वळता होतो.

गावाकडच्या खात्यालाही खर्च असतो हे विसरू नका. कार्डाचे वार्षिक शुल्क आणि एसएमएसचे तिमाही शुल्क गुपचूप कापले जाते. किमान शिल्लक न राखल्याचा दंड स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये बचत खात्यांवरून काढून टाकला, २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी तेच केले. खासगी बँकांत मात्र तो अजून असू शकतो, आणि अनिवासी खात्याची अट वेगळी असू शकते. ‘दंड साचून खाते उण्यात जाते आणि मुलगी परत आली की वसुली होते’ ही भीती मात्र निराधार आहे. केवळ किमान शिल्लक नाही म्हणून लावलेल्या दंडामुळे बचत खाते उणे होऊ देऊ नये, असा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे. दोन वर्षे खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते. तशा खात्यावर हा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा सुरू करायलाही शुल्क नाही.

एक सवय मात्र सोडा. मुलीचे कार्ड आणि पिन वडिलांकडे ठेवून इथे पैसे काढणे हे अनेक घरांत चालते. बँकेच्या नियमात ते बसत नाही, आणि उद्या फसवणूक झाली तर तक्रारीचा पायाच ठिसूळ होतो. एनआरओ खात्यावर मुलगी तुम्हाला रीतसर अधिकारपत्र देऊ शकते. मग इथली बिले आणि इतर स्थानिक देणी तुम्ही उजळ माथ्याने भागवू शकता.

म्हणून खाते बंद करू नका. लाभांशासाठी ते लागणारच आहे. मुलीला ते एनआरओ करून घ्यायला सांगा. तोवर सध्याच्या कार्डाचा परदेशी वापर मोबाईल बँकिंगमधून बंद ठेवता येतो, ही सोय २०२० पासून प्रत्येक कार्डाला आहे. ओटीपी येणारा नंबर चालू ठेवा. पासबुकात न समजणारी कपात दिसली तर शाखेत लेखी विचारा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मराठीतही मिळते.