पोर्ट एकसारखे दिसले तरी

चि. सायलीस,


एका यूएसबी-सी पोर्टला मॉनिटर लागतो आणि शेजारच्याला लावला की स्क्रीन काळी, म्हणून लॅपटॉप दुरुस्तीला द्यायची घाई करू नकोस. केबल तीच आहे, मॉनिटर तोच आहे, म्हणजे बहुतेक तो दुसरा पोर्ट चित्रासाठी बनवलेलाच नाही.

यूएसबी-सी हे फक्त आकाराचं नाव. 2014 साली हा उलटसुलट कसाही बसणारा, 24 पिनांचा आकार ठरला. त्यातून काय काय द्यायचं, हे मात्र लॅपटॉप बनवणारा ठरवतो. डेटा, चार्जिंग आणि चित्र ही तीन निरनिराळी कामं आहेत. चित्रासाठी पोर्टला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड किंवा थंडरबोल्ट लागतं. त्यासाठी ग्राफिक्सपासून पोर्टपर्यंतची जोडणी मदरबोर्डवरच असावी लागते. ती नसेल तर कुठलाही ड्रायव्हर टाकून उपयोग नाही. डिस्प्लेलिंक चिपचे डॉक अशा पोर्टमधूनही डेटावरूनच चित्र पाठवतात, पण त्यांचा भार प्रोसेसरवर पडतो. एक चांगला पोर्ट हाताशी असताना अशा डॉकवर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पोर्टच्या बाजूला बारीक खुणा असतात त्या बघ. बाणासारखी वीज बहुधा थंडरबोल्टची, बॅटरी किंवा प्लग चार्जिंगचा. पण पुष्कळ कंपन्या काहीच छापत नाहीत आणि एकाच मालिकेतल्या दोन मॉडेलांचे पोर्टही वेगळे निघतात. म्हणून दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नकोस, कंपनीच्या साइटवर तुझ्याच मॉडेलचं तपशीलपत्रक वाच.

केबलचंही तसंच. फोनबरोबर येणारी केबल बहुधा चार्जिंगपुरती असते: वेग सेकंदाला 480 मेगाबिट, आणि चित्र नेणाऱ्या तारा आतमध्ये नसतातच. यूएसबी4 च्या पहिल्या आवृत्तीचा वेग 40 गिगाबिटपर्यंत जातो, पण त्याला केबलही त्याच तोलाची हवी. चार्जिंगला साधी सी-टू-सी केबल 60 वॉटपर्यंत पुरते. त्यापुढे चिप असलेली घ्यावी लागते. जास्त वॉटचा चांगला चार्जर लावायला मात्र भिऊ नकोस, किती वीज घ्यायची ते लॅपटॉप आणि चार्जर आपसांत ठरवतात.

लॅपटॉपच्या तळाच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर मला पाठव. नवी केबल घेण्याआधी आपण दोघं मिळून पत्रक वाचू.

तुझा,
मामा