नितळ तलाव आणि बास मासा : गळाच्या साहित्याची निवड कशी करावी?

गळ, तंगूस, रीळ, काठी असा माल ठेवणाऱ्या दुकानात नवे गिऱ्हाईक आले की पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "सर्वांत मजबूत तंगूस कोणती?" दुकानदार जाड दोरा काढून समोर ठेवतो, पैसे घेतो आणि सौदा पुरा होतो. पाणी गढूळ आहे की नितळ, हे मात्र कोणी विचारत नाही. नितळ पाण्यात तो जाड दोरा माशाला दिसतो आणि मासा आमिषाकडे वळतच नाही. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतते आणि पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जाते. म्हणून या धंद्यात पाण्याचा अभ्यास हा मालाच्या अभ्यासाइतकाच गरजेचा आहे.

हा अभ्यास करण्यासाठी आपण अमेरिकेतील बास माशाचे उदाहरण घेऊ. बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचा शिकारी मासा. आपल्या नद्या-तलावांचा तो नव्हे, आणि तो येथे आणून सोडावा असेही कोणी सुचवू नये. जपानमध्ये हा मासा १९२५ साली आशी तलावात सोडण्यात आला; पुढे तो इतका पसरला की देशी माशांवर संकट आले आणि २००५ पासून तेथे कायद्याने त्याच्यावर बंधने आली. परंतु गळाच्या साहित्याचा जो मोठा बाजार अमेरिकेत उभा राहिला, त्याच्या मध्यभागी हाच मासा आहे. आपल्याकडील दुकानांत येणारी फिरती रिळे, रबरी किडे, लाकडी-प्लास्टिकचे बनावट मासे हेही बऱ्याच अंशी त्याच धर्तीचे असतात.

तलाव कोणता?

मिसूरी राज्याच्या दक्षिण टोकाला, ओझार्क डोंगराळ भागात, टेबल रॉक नावाचा तलाव आहे. व्हाइट नदीवरील धरण १९५८ साली पूर्ण झाले आणि सुमारे ४३ हजार एकरांचा हा जलाशय तयार झाला. तळ चुनखडीचा आणि खडी-गोट्यांचा, गाळ कमी, त्यामुळे पाणी नितळ. पाण्याखाली गेलेली झाडे पुष्कळ ठिकाणी उभीच आहेत. येथे बासच्या तीन जाती एकत्र मिळतात. मोठ्या तोंडाचा बास झाडाझुडपांचा आडोसा धरतो, लहान तोंडाचा खडीवर आणि खडकांवर राहतो, तर ठिपकेदार बास खोल पाण्यात थव्याने फिरतो.

या तलावापासून जवळच स्प्रिंगफील्ड शहर आहे. तेथे १९७२ साली जॉनी मॉरिस या तरुणाने वडिलांच्या दुकानाच्या मागील बाजूस अवघ्या आठ चौरस फुटांत गळाचे साहित्य विकावयास सुरुवात केली. तो स्वतः बास मासेमारीच्या स्पर्धांत उतरत असे. स्पर्धेत लागणारा माल गावात मिळत नाही, हे त्याच्या ध्यानात आले होते. १९७४ साली त्याने मालाची छापील यादी टपालाने पाठविण्यास आरंभ केला, आणि २०१७ साली त्याच्या बास प्रो शॉप्स या कंपनीने कॅबेलाज ही आपली मोठी प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली. भांडवल, नशीब या गोष्टी असतीलच. परंतु आरंभीचे भांडवल म्हणजे कोणत्या पाण्यावर काय चालते याची माहिती, हे विसरता येत नाही.

दोरा : सर्वांत महत्त्वाची वस्तू

बास प्रामुख्याने डोळ्यांनी शिकार करतो. गढूळ पाण्यात त्याला आमिष जवळ आल्यावरच कळते. तो घाईने झडप घालतो. नितळ पाण्यात तो आमिष दुरून पाहतो, त्याच्या मागे येतो, न्याहाळतो आणि शंका आली तर वळून जातो. आमिषाइतकाच दोराही त्याच्या नजरेखाली असतो.

दोऱ्याचे तीन प्रकार दुकानदाराने नीट समजून घ्यावेत. पहिली साधी नायलॉनची तंगूस : स्वस्त, मऊ, ताणली जाणारी. दुसरा फ्लुरोकार्बनचा दोरा. दिसायला तो तंगुसासारखाच असतो; फरक प्रकाशाचा आहे. पाण्याचा प्रकाश वाकविण्याचा अंक १.३३, फ्लुरोकार्बनचा सुमारे १.४२, तर नायलॉनचा १.५ च्या वर. दोऱ्याचा अंक पाण्याच्या जितका जवळ तितका तो पाण्यात कमी उठून दिसतो. अदृश्य होतो असे डब्यांवर छापलेले असते ते खरे नव्हे. कमी दिसतो, एवढेच. शिवाय तो जड असल्याने लवकर बुडतो आणि खडीवर घासला तरी बऱ्यापैकी टिकतो. तिसरा विणलेला दोरा. हा फार बारीक असून फार ताकदीचा असतो, ताणला जात नाही, त्यामुळे माशाने हलकेच तोंड लावले तरी बोटांना कळते. मात्र हा दोरा पाण्यात स्पष्ट दिसतो आणि तरंगतो.

यावर टेबल रॉकसारख्या पाण्यावरील गळवाल्यांनी काढलेला तोडगा सोपा आहे. रिळावर दहा पौंडांचा विणलेला दोरा भरावयाचा आणि त्याच्या टोकाला आठ-दहा फूट लांबीचा, सहा ते आठ पौंडांचा फ्लुरोकार्बनचा तुकडा जोडावयाचा. महाग दोरा थोडाच लागतो. एका वेळी तीन मीटर धरले तर पन्नास मीटरच्या एका गुंडाळीतून सोळा तुकडे निघतात. हा हिशेब गिऱ्हाइकाला समजावून सांगितला तर तो महाग गुंडाळी घेण्यास कचरत नाही.

दोरा बारीक झाला की बाकीचे साहित्य त्याला जुळवून घ्यावे लागते. काठी साडेसहा ते सात फुटांची, टोकाला लवचिक आणि बुंध्याला दणकट. ताठर काठीने बारीक दोरा झटक्यात तुटतो. रीळ मध्यम आकाराचे, परंतु त्याची सैल-घट्ट करण्याची चकती गुळगुळीत चालली पाहिजे. ती दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर ठेवावी, म्हणजे मोठा मासा ओढू लागला की दोरा तुटण्याऐवजी सुटत जातो. स्वस्त रिळांत हीच चकती अडखळते. चार रिळे ठेवण्यापेक्षा एकच, पण या बाबतीत पारखलेले ठेवावे, असे माझे मत आहे.

आमिष : लहान, साधे, खऱ्यासारखे

नितळ पाण्यात भडक रंग आणि मोठा आकार बहुधा तोट्याचा ठरतो. धुरकट हिरवा, तपकिरी, पारदर्शक राखाडी हे रंग चालतात, कारण तळावरील खेकडेवजा झिंगे आणि लहान मासे याच रंगांचे असतात. दोन-अडीच ग्रॅमच्या चपट्या डोक्याच्या गळाला पावणेतीन इंचांचा रबरी किडा लावून तो तळावरून सावकाश ओढणे, ही रीत कॅन्सस राज्यातील नेड केहडी या लेखकाच्या नावाने ओळखली जाते. दिसायला तो किडा इतका क्षुल्लक असतो की गिऱ्हाईक हसते. पण नितळ पाण्यात हा क्षुल्लकपणाच कामी येतो.

खोल पाण्यासाठी दुसरी जुळणी आहे. नेहमी शिसे गळाच्या वर असते. येथे ते दोऱ्याच्या अगदी टोकाला आणि गळ त्याच्या दीड फूट वर. शिसे तळावर टेकते आणि किडा तळापासून थोडा वर तरंगत राहतो. गळाची गाठ मारताना दोरा दुमडून नेढ्यातून घ्यावा, साधी गाठ मारावी, फासातून गळ काढून घट्ट करावे आणि उरलेले लांब टोक पुन्हा वरून खाली नेढ्यातून ओवावे. म्हणजे गळ दोऱ्याला काटकोनात उभा राहतो. उन्हाळ्यात मासे वीस-तीस फूट खोल, बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत जातात तेव्हा हीच जुळणी उपयोगी पडते. काठी जोरात हलवू नये; नुसती थरथर पुरे.

शिशाबद्दल एक सूचना. न्यू हॅम्पशायरसारख्या काही अमेरिकी राज्यांत लहान शिशाच्या वजनांवर बंदी आहे, कारण ती गिळून पाणपक्षी विषबाधेने मरतात. त्यामुळे टंगस्टनची वजने वाढली आहेत. ती महाग असतात, पण शिशापेक्षा खूप घन असल्याने तेवढ्याच वजनात आकाराने लहान बसतात, आणि नितळ पाण्यात लहान आकार हवाच असतो. बाहेरदेशी माल पाठविणाऱ्याने त्या त्या राज्याचा नियम आधी पाहावा.

कारागिरांनी लक्ष द्यावे अशी गोष्ट

लाकडी-प्लास्टिकच्या बनावट माशांचा धंदा मुळात हातकारागिरांचा. फिनलंडमधील लाउरी रापाला हा मच्छीमार. मोठे मासे थव्यातील लंगडत पोहणारा मासा आधी उचलतात, हे त्याने पाहिले. १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडातून तसाच लंगडणारा मासा कोरला. त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि छायाचित्रांच्या जुन्या निगेटिव्ह फिल्म वितळवून त्याचे रोगण चढविले. त्या एका चालीवर पुढे सगळी कंपनी उभी राहिली.

टेबल रॉकच्या भागात एक दुसरी गोष्ट सांगतात. ओक्लाहोमातील स्टॉर्म कंपनीचा 'विगल वॉर्ट' नावाचा डुंबणारा बनावट मासा तेथील खडीच्या काठांवर, थंडी सरत असताना, फार चाले. १९९० च्या दशकाअखेर ही कंपनी रापालाच्या ताब्यात गेली. नाव तेच राहिले, आकारही जवळपास तोच. पण नव्या मालाची पाण्यातील चाल जुन्यासारखी नाही, असे गळवाल्यांचे म्हणणे पडले. जुना वॉर्ट पोहताना मध्येच बाजूला भरकटतो आणि परत सरळ होतो, आणि तो भरकटण्याचा क्षणच माशाला फसवितो, असे ते मानतात. आज जुने वॉर्ट मूळ किमतीच्या कितीतरी पट दराने विकले जातात. यातील किती खरे आणि किती श्रद्धा, याचा वाद घालणारे घालोत. गिऱ्हाईक पैसे मोजते ते चालीसाठी, हे कारागिराने ओळखावे.

चाल बिघडली तर दुरुस्ती सोपी आहे. बनावट मासा आपल्याकडे सरळ न येता उजवीकडे ओढ घेत असेल तर तोंडाकडील तारेचे नेढे पक्कडीने किंचित डावीकडे वाकवावे. डावीकडे जात असेल तर उजवीकडे. किंचित म्हणजे डोळ्याला जेमतेम कळेल इतकेच. दुकानात पाण्याची लांबट टाकी ठेवून विक्रीपूर्वी प्रत्येक नग ओढून दाखविणारा दुकानदार चार पैसे जास्त सांगू शकतो.

वेळ आणि डावपेच

नितळ तलावावर भर दुपारी, वारा नसताना, साहित्य कितीही उत्तम असले तरी हाती थोडेच लागते. पहाट आणि दिवे लागणीची वेळ, ढगाळ हवा आणि पाण्यावर लाटा उठविणारा वारा ही गळवाल्याची मित्रमंडळी. लाटांनी पृष्ठभाग मोडतो, उजेड विस्कटतो आणि माशाला दोरा, आमिष, माणूस तिन्ही नीट दिसत नाहीत. म्हणून वारा ज्या काठावर आदळतो त्या काठावर जावे. तेथे लहान मासेही काठाशी ढकलले जातात आणि बास त्यांच्या मागे येतो.

होडी दूर ठेवावी आणि फेक लांब करावी. बारीक दोऱ्याचा हा आणखी एक फायदा, तो लांब जातो. काठावरून गळ टाकणाऱ्याने सूर्य पाठीशी असल्यास आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशी जागा धरावी. थंडीत मासा सुस्त असतो. पाण्यात मध्येच थांबून राहणारा लांबट बनावट मासा दोन झटके देऊन दहा-पंधरा सेकंद तसाच सोडावा. तो स्थिर असतानाच बहुधा मासा लागतो. धीर नसलेल्या गिऱ्हाइकाला हा नग विकूच नये. खोलीतून वर आणलेल्या माशाचे पोट हवेने फुगते आणि सोडल्यावर तो खाली जाऊ शकत नाही, म्हणून ठेवावयाचे तेवढेच मासे खोल पाण्यातून धरावेत.

खडीच्या तळावर प्रत्येक मासा निघाल्यानंतर फ्लुरोकार्बनचे शेवटचे दोन फूट चिमटीतून ओढून पाहावेत. बोटाला खरखर लागली तर तेवढे कापून टाकावे, नवी गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करून सावकाश घट्ट करावी; कोरडी गाठ ओढताना दोरा तापतो आणि गाठीपाशीच कमजोर होतो.