अडलेले वजन: खांद्यांच्या ताकदीचा एक पाठ



केळीचा घड ट्रॉलीत चढवायचा असो की धान्याचे पोते थप्पीवर टाकायचे असो, शेवटचा जोर खांद्यांवर येतो. म्हणून आपल्या जसोंडीकडचा एखादा तरुण संध्याकाळी दांडीला वजने लावून ती खांद्यावरून डोक्यावर उचलण्याचा व्यायाम करतो, तेव्हा तो शेतीच्याच कामाचे काही करीत असतो. पण या व्यायामात एक अडचण हमखास येते. पहिले काही महिने वजन भराभर वाढते आणि मग एका आकड्यावर अडून बसते. तरुण रोज त्याच वजनाशी झुंजतो, कंबर मागे वाकवून ते कसेबसे वर लोटतो आणि एक दिवस खांदा धरून बसतो. ऐन काढणीत मजुरी बुडते. हे कसे टाळावे, ते आज पाहू.

वजन का अडते?

पहिले कारण असे की, या उचलीत मांड्यांसारखे मोठे स्नायू काम करीत नाहीत. खांद्याचे आणि दंडाच्या मागचे लहान स्नायूच भार पेलतात. बैठका मारताना 100 किलोंवर 5 किलो वाढविले तर ती विसावा हिस्सा वाढ झाली. डोक्यावर 40 किलो उचलणाऱ्याने 5 किलो वाढविले तर ती आठवा हिस्सा झाली. एवढी उडी लहान स्नायूंना झेपत नाही.

दुसरे कारण विश्रांतीचे. ताकद उचलताना वाढत नाही, नंतरच्या आरामात वाढते. केळीला वर्षाचे सगळे खत आपण एकदम टाकीत नाही, हप्त्याहप्त्याने देतो. अंगमेहनतीचेही तसेच आहे.

उपाय काय?

1. थोडे मागे या. 40 किलो पाच वेळा उचलून अडला असाल, तर 36 किलोंवर या. पाच-पाच उचलींच्या तीन फेऱ्या करा आणि दोन फेऱ्यांमध्ये तीन मिनिटे थांबा. दर आठवड्याला एकच किलो वाढवा. पाचव्या आठवड्यात पुन्हा 40 आणि सहाव्यात 41 होतील. लहान वजने नसतील तर दोन पिशव्यांत अर्धा-अर्धा किलो वाळू तोलून भरा व दांडीच्या दोन्ही टोकांना घट्ट बांधा.

2. आठवड्यातून दोनच दिवस उचला. दुसऱ्या दिवशी 28 ते 30 किलोच घ्या, आठ-आठ उचली करा आणि दांडी कपाळाजवळ आली की क्षणभर थांबवा. बहुतेकांची दांडी तिथेच अडते.

3. उभे राहण्याची रीत सुधारा. पाय जमिनीत रोवा, पोट व कुल्ले आवळा, हनुवटी किंचित मागे घ्या आणि दांडी चेहऱ्याजवळून सरळ वर न्या. मागे वाकू नका. पूर्वी ऑलिंपिकमध्येही ही उचल होती. खेळाडू इतके मागे वाकू लागले की, पंचांना योग्य-अयोग्य ठरविणे कठीण झाले. 1972 च्या म्युनिक स्पर्धेनंतर ती वगळण्यात आली.

4. पाठ विसरू नका. जेवढे वर लोटाल, तेवढे ओढण्याचेही काम करा. झाडाच्या मजबूत फांदीला लटकून अंग वर खेचावे. आपल्या तालमीतले हलके मुद्गल फिरविल्याने खांदा मोकळा राहतो.

5. पोटाकडे पाहा. अशी मेहनत करणाऱ्याला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज साधारण दीड ग्रॅम प्रथिने लागतात. डाळ, शेंगदाणे, हरभरे, दूध, अंडी यांतून ती मिळतात. झोप सात-आठ तास हवी. ज्या आठवड्यात दिवसभर घड वाहिले, त्या आठवड्यात दांडीवरचे वजन कमी ठेवावे.

एका किलोची किंमत

एक किलो वाढविण्यात काय अर्थ, असे कोणी म्हणेल. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने 55 किलो गटात एकूण 248 किलो उचलून रौप्यपदक मिळविले. सुवर्ण जिंकणाऱ्याची बेरीज 249 होती. त्या प्रकारात पायांचाही जोर असतो. तरी 139 किलोंच्या प्रयत्नात त्याच्या कोपराला दुखापत झालीच. तयारीच्या खेळाडूचा सांधाही असा दगा देऊ शकतो. मग आपण तर अधिकच जपले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी स्नायू ठणकणे साधे आहे. पण सांध्यात कळ येणे, हाताला मुंग्या येणे किंवा छातीत दुखणे साधे नव्हे. उचल तत्काळ थांबवून डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब वा अंतर्गळ असणाऱ्यांनी आधी विचारूनच सुरुवात करावी.

घरी विचार करण्यासाठी

1. गेल्या महिन्यात आपण एकावेळी किती किलो वाढविले?
2. आठवड्यातील कोणते दिवस आपण खांद्यांना आराम दिला?
3. वजन वर जाताना आपली कंबर वाकते काय? हे दुसऱ्या कोणाला पाहावयास सांगा.

उत्तरे वहीत लिहून ठेवा आणि सहा आठवड्यांनी पुन्हा वाचा.