स्क्रीन दुसऱ्याच्या हाती गेली. आता दाद कुठे मागायची?

प्रश्न

नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिका गेली काही वर्षे भारतात नोंदणी असलेल्या एका एक्स्चेंजवर थोडे थोडे क्रिप्टो घेत-विकत होत्या. एका शनिवारी संध्याकाळी त्यांनी पैसे काढायला घेतले, तर व्यवहार अडकून पडला. त्यांनी इंटरनेटवर एक्स्चेंजचा ग्राहक सेवा क्रमांक शोधला आणि सर्वांत वर दिसला तो फिरवला. पलीकडचा माणूस नम्रपणे, मराठीतूनच बोलत होता. ‘केवायसी अपडेट राहिलंय’ असे सांगून त्याने एक अ‍ॅप मोबाइलवर घ्यायला लावले आणि अ‍ॅपमध्ये दिसणारा क्रमांक वाचून दाखवायला सांगितला. मग ‘कर भरल्याशिवाय पैसे सुटणार नाहीत’ म्हणून यूपीआयने २५ हजार रुपये भरून घेतले. पुढे स्क्रीनवर ‘प्रक्रिया चालू आहे’ असा फलक आला. ‘फोनला हात लावू नका,’ एवढेच तो म्हणत राहिला.

फलक हटला तेव्हा बचत खात्यातून दोन व्यवहारांत १ लाख ९० हजार रुपये गेले होते आणि एक्स्चेंजवरच्या वॉलेटमधले सुमारे पावणेतीन लाखांची ‘यूएसडीटी’ ही क्रिप्टो नाणीही नाहीशी झाली होती. बाईंनी ओटीपी कुणालाही सांगितलेला नव्हता. त्यांनी घाबरून अ‍ॅप काढून टाकले आणि सोमवारी सकाळी बँक गाठली. ‘तुमच्याच मोबाइलवरून, बरोबर ओटीपी टाकून व्यवहार झालेत, आमचा काही संबंध नाही,’ असे उत्तर मिळाले. पोलीस ठाण्यात क्रिप्टो बेकायदाच आहे असे ऐकवले गेले. आता एक जण रोज फोन करतो आणि दहा टक्के आगाऊ दिले तर यूएसडीटी परत आणून देतो म्हणतो. यातले काही परत मिळेल का, आणि गेलेल्या क्रिप्टोवर कर भरावा लागेल का, असे बाईंनी विचारले आहे.

उत्तर

काही रक्कम परत मिळण्याची खरी शक्यता आहे. त्यासाठी पहिली दुरुस्ती अर्जातच करायला हवी. ‘माझी ४ लाख ९० हजारांची फसवणूक झाली’ असे एकगठ्ठा वाक्य बाईंनी बँकेला आणि पोलिसांना लिहून दिले आहे. कायद्याच्या नजरेत ही तीन वेगळी नुकसाने आहेत: बाईंनी स्वतः पाठवलेले २५ हजार, त्यांच्या नकळत खात्यातून गेलेले १ लाख ९० हजार आणि एक्स्चेंजवरून हललेले यूएसडीटी. तिन्हींचे नियम वेगळे, जबाबदार वेगळे आणि आशाही वेगळी. एकत्र मांडले की सर्वांत कमकुवत दाव्याच्या आधारे सगळाच अर्ज फेटाळला जातो. सोमवारी बँकेत नेमके तेच झाले.

फसवणुकीची ही रीत जुनी आहे. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर यांसारखी, दुसऱ्याचे उपकरण दुरून चालवू देणारी (रिमोट) अ‍ॅप ही मुळात संगणक दुरुस्त करणाऱ्यांची कामाची अवजारे. अ‍ॅप उघडल्यावर एक क्रमांक दिसतो. तो दुसऱ्याला दिला आणि परवानगीची बटणे दाबली, की आपला पडदा त्याला दिसू लागतो आणि पुढची एक परवानगी मिळाली की तो चालवताही येतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना अशा अ‍ॅपच्या गैरवापराबद्दल सावध केले होते. ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने मे २०२२ मध्ये जाहीर केलेले एक प्रकरण बाईंच्या गोष्टीशी बरेच जुळते. बिटकॉइनची जाहिरात पाहून चौकशी करणाऱ्या ५९ वर्षांच्या एका महिलेला ‘सुरुवातीची प्रक्रिया आम्हीच करून देतो’ म्हणत एनीडेस्क घ्यायला लावले आणि तिचे ४८ हजार पौंड गेले. तेव्हा आपणच तेवढे बावळट ठरलो, हा पत्रातला सूर बाईंनी मनातून काढून टाकावा. समोरचे लोक रोज हेच काम करतात. त्यांच्यापुढे शिक्षण आणि वय फारसे कामी येत नाही.

बाईंनी ओटीपी सांगितला नाही हे खरेच असणार. तो सांगावाच लागत नाही. बँकेचा संदेश मोबाइलच्या पडद्यावर उमटतो आणि तो पडदा चोराच्याही समोर उघडा असतो. म्हणूनच बँकेच्या नोंदीत सगळे जागच्या जागी दिसते: नेहमीचा मोबाइल, नेहमीचे सिमकार्ड, बरोबर ओटीपी. बँकेचा अधिकारी ही नोंद पाहून बोलतो आणि त्या नोंदीपुरते ते खरेही असते. दुसऱ्याचा हात कुठे दिसत असेल, तर तो रिमोट अ‍ॅपच्या नोंदीत. कोणता क्रमांक किती वाजता जोडला गेला आणि किती वाजता सुटला, हे तिथे लिहिलेले असते. संगणकावर एनीडेस्क असेल तर त्याच्या फोल्डरमध्ये ‘कनेक्शन ट्रेस’ नावाची फाइल सापडते. टीमव्ह्यूअर ‘कनेक्शन्स इनकमिंग’ अशी फाइल ठेवतो. समजा, जोडणी ६ वाजून ५२ मिनिटांनी सुरू झाली, ७ वाजून ३४ मिनिटांनी तुटली आणि बँकेचे दोन्ही व्यवहार त्याच्या मधले असले, तर ‘तुम्हीच केले’ हा बँकेचा दावा बराच ढिला पडतो.

दुर्दैवाने घाबरलेला माणूस सर्वांत आधी अ‍ॅप काढतो किंवा फोन फॉरमॅट करून घेतो. बाईंनीही अ‍ॅप काढले आहे. फोन मात्र आता कुणालाही ‘साफ’ करायला देऊ नये. कॉलची यादी, अ‍ॅप उतरवल्याची अ‍ॅप स्टोअरमधली नोंद, बँकेचे संदेश, एक्स्चेंजचे ई-मेल, शोधात मिळालेल्या त्या क्रमांकाचे पान, जे असेल त्याचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवावेत. अ‍ॅपच्या कंपनीकडून जोडणीचा तपशील मागवण्याची लेखी विनंती तपास अधिकाऱ्याकडे करावी. न्यायालयात डिजिटल पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते, म्हणून मूळ फोन जपणे महत्त्वाचे. आणि सर्व पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्याच उपकरणावरून.

आता १ लाख ९० हजारांबद्दल. हा बाईंचा सर्वांत भक्कम दावा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने नियम घालून दिला, की दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची खबर ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर त्याच्यावर काहीच भार पडत नाही. चार ते सात दिवसांत दिली, तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजारांपर्यंतची झळ. बाई सोमवारी सकाळीच बँकेत होत्या, म्हणजे मुदतीत. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल, तर खबर देईपर्यंतचे सारे त्याच्या माथी, असेही तेच परिपत्रक सांगते आणि बँक याच वाक्याकडे बोट दाखवणार. मात्र ग्राहकाची जबाबदारी आहे हे सिद्ध करण्याचे ओझे परिपत्रकाने बँकेवरच टाकले आहे. ओटीपी बरोबर होता एवढे म्हणून ते उतरत नाही.

याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२५ चा आदेश बाईंनी अर्जाला जोडावा. आसामातल्या एका ग्राहकाला ऑनलाइन घेतलेला कपडा परत करायचा होता. ग्राहक सेवेच्या नावाने फोन आला, अ‍ॅप घ्यायला लावले आणि खात्यातून ९४,२०४ रुपये गेले. त्याने चोवीस तासांच्या आत स्टेट बँकेला कळवले. ग्राहकानेच ओटीपी आणि पिन दिल्याचे बँकेचे म्हणणे होते. गुवाहाटी उच्च न्यायालयाने ते मानले नाही, आणि न्या. जे. बी. पारडीवाला व न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने बँकेचे अपील फेटाळले. असे व्यवहार रोखण्याची जबाबदारी बँकेला झटकता येणार नाही, हे सांगताना ग्राहकांनीही ओटीपीबाबत दक्ष राहावे असे न्यायालयाने बजावले. त्या प्रकरणात विक्रेत्याच्या संकेतस्थळावरून माहिती फुटल्याचा मुद्दाही होता. बाईंच्या प्रकरणात तो नाही. त्यामुळे हा आदेश हुकमी एक्का नव्हे. तरी ‘अ‍ॅप घेतले म्हणजे सगळा दोष ग्राहकाचा’ हे बँकेचे ठरावीक उत्तर त्याने मोडीत काढले आहे.

बँकेला अर्ज कागदावर द्यावा, पोच शिक्क्यासह घ्यावी. दोन नवे लाभार्थी कधी जोडले गेले, जोडल्यावर किती मिनिटांत पैसे गेले आणि एरवी वीज बिल आणि औषधे एवढाच खर्च असणाऱ्या खात्यातून एवढी रक्कम निघताना बँकेच्या यंत्रणेने काय केले, हे प्रश्न त्यात थेट विचारावेत. तक्रार निकाली काढायला बँकेला ९० दिवस आहेत. मात्र तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

बाईंनी स्वतः पाठवलेल्या २५ हजारांसाठी बँकेशी भांडण्यात अर्थ नाही. तो व्यवहार फसवून करवून घेतला असला तरी बाईंनीच केला होता. तिथे आशा एकच, रक्कम ज्या खात्यात गेली तिथेच गोठणे. १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार गेली, की ती साखळीतल्या बँकांकडे पोहोचते आणि खात्यात उरलेले पैसे रोखले जातात. यात मिनिटांना किंमत आहे. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पैसे एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवले जातात. बाईंनी शनिवारी रात्रीच १९३० फिरवला असता तर चित्र वेगळे असू शकले असते, पण आजही तक्रार करावीच. काही रक्कम गोठलेली आढळली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून ती सोडवून घेता येते.

यूएसडीटीची वाट सर्वांत बिकट. तरी ते ‘हवेत गेले’ असे नसते. एक्स्चेंजच्या इतिहासात त्या व्यवहाराची ६४ अक्षरांची खूण (हॅश) आणि समोरच्या वॉलेटचा पत्ता दिसतो. पत्ता ‘टी’ने सुरू होत असेल तर नाणी बहुधा ट्रॉन या क्रिप्टो जाळ्यावरून गेली. तिथला प्रत्येक पुढचा टप्पा कुणालाही पाहता येतो. नाणी दुसऱ्या एखाद्या एक्स्चेंजवर पोहोचली असतील, तर तिथल्या खातेदाराची ओळख पोलीस मागवू शकतात. शिवाय यूएसडीटी काढणारी टेथर कंपनी तपास यंत्रणांच्या विनंतीवरून एखाद्या पत्त्यावरची नाणी गोठवते. बिटकॉइनमध्ये असे करणारे कुणीच नसते. म्हणून हॅश आणि पत्ता तक्रारीत अक्षरशः उतरवावा; चित्र चिकटवून भागत नाही, एक अक्षर चुकले तरी माग तुटतो. एक्स्चेंजलाही लिहून विचारावे, की पैसे काढण्याचा नवा पत्ता कधी जोडला गेला आणि तो जोडल्यावर थांबण्याचा काही अवधी त्यांनी ठेवला होता का.

पोलीस ठाण्यात ऐकवले गेले ते चूक आहे. क्रिप्टो हे भारतात चलन नाही, पण बाळगणे गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केले. २०२२ पासून सरकार क्रिप्टोवर कर घेते. मार्च २०२३ पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आहेत. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने क्रिप्टोला मालमत्ता मानले. गुन्हा नोंदवताना भारतीय न्याय संहितेची कलमे ३१८(४) व ३१९(२) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६, ६६सी व ६६डी ही कलमे लागू शकतात. ठाणे अंमलदाराने नकार दिला, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, शहरात पोलीस आयुक्तालयाकडे पाठवावी. त्यानंतरही काही झाले नाही तर दंडाधिकारी आहेत.

आणखी एक दार फारसे कुणी ठोठावत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी असतात आणि पाच कोटींपर्यंतच्या भरपाईचे दावे ऐकतात. २०१३ मध्ये महाराष्ट्रात याच मार्गाने पुण्याच्या एका उद्योजकाला पंजाब नॅशनल बँकेने ४५ लाख रुपये द्यावेत असा आदेश झाला होता. त्याने फसव्या ई-मेलला उत्तर दिले होते, म्हणून थोडा भार त्याच्यावरही ठेवला गेला. तरीही बँकेची सुरक्षा अपुरी पडल्याचे मान्य झाले.

कराचे उत्तर कटू आहे. चोरीला गेलेले यूएसडीटी बाईंनी विकलेले नाहीत, त्यामुळे त्यावर नफ्याचा कर नाही. मात्र क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे आणि खरेदीची किंमत सोडून दुसरी कोणतीही वजावट नाही. म्हणून त्या वर्षी आधी काही नफा झाला असेल, तर या चोरीचा तोटा त्यातून वजा करता येणार नाही. गुन्ह्याच्या नोंदीची प्रत जपून ठेवावी. नाणी कुठे गेली असे आयकर विभागाने विचारले तर तीच उपयोगी पडेल.

राहिला तो रोज फोन करणारा. हा बहुधा त्याच टोळीचा किंवा तिच्याकडून नंबर विकत घेतलेला माणूस. फसलेल्यांच्या याद्या अशाच फिरतात. १९३०, पोलीस, लोकपाल, दंडाधिकारी यांपैकी कुणीही पैसे परत मिळवून देण्यासाठी टक्केवारी मागत नाही, आणि ट्रॉनवरचा पुरा झालेला व्यवहार कोणताही ‘हॅकर’ उलटा फिरवू शकत नाही. बाईंनी त्याला एक रुपयाही देऊ नये, नवे अ‍ॅप घेऊ नये. त्याचा नंबर संचार साथी या सरकारी पोर्टलच्या ‘चक्षु’वर नोंदवून तपास अधिकाऱ्यालाही द्यावा. आणि हे पत्र घरी अजून कुणाला दाखवलेले नाही असे शेवटी लिहिले आहे, तर बाईंनी ते आज मुलांना दाखवावे. पुढचे तीन-चार महिने बँक, ठाणे आणि लोकपालाच्या फेऱ्यांना सोबत कुणीतरी लागणार आहे.